‘नीट’च्या मुलांनी कॉलेजचे वर्ग करावेत का?

(वसंत व्याख्यानमालेत जळगाव येथे दिलेले व्याख्यान)



उत्तर आधी सांगतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासून घेता येईल. ज्याला ‘नीट’ देऊन डॉक्टर व्हायचे आहे त्याने अकरावी-बारावीचे कॉलेज सोडू नये. पण माझ्या लेखी कॉलेज म्हणजे जिथे प्रयोगशाळा उघडी असते, ते. जिथे ती दोन वर्षे कुलपात असते आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर आठवडाभरात एकमेकांची जर्नले उतरवली जातात, तिथे नुसत्या हजेरीसाठी मुलाचा वेळ घालवू नका. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आहे. हे दुसरे वाक्य बोलताना मला त्रास होतो, पण ते बोलल्याशिवाय पहिल्या वाक्याला अर्थ राहत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कसा विचारला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. धुळ्याच्या बसस्टँडवर एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला विचारले, ‘सर, पोऱ्या नीटनी तयारी करी राहिना, कॉलेजले कसाले जाई?’ त्याने वर्षाच्या कापसाचे पैसे क्लासच्या फीमध्ये भरले होते. त्याच्या प्रश्नात आळस नव्हता, काळजी होती. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळे खान्देशातले पालकही आता पसंतीक्रम भरतात. तो भरताना अनेक घरांत बघितले काय जाते? कोणत्या कॉलेजचे कोणत्या क्लासशी ‘टाय-अप’ आहे आणि हजेरीचा आग्रह कुठे कमी आहे. सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. यंत्रावर बोट टेकले की मूल आत आल्याची नोंद होते. आत आल्यावर त्याला काय मिळाले याची नोंद कोणतेही यंत्र करत नाही.

पूर्वी असे नव्हते. १९४५ साली जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा खान्देशात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. आमच्या आधीच्या पिढीतली मुले इथे इंटर सायन्स करत आणि मग पुण्याच्या बी. जे.ला किंवा मुंबईच्या ग्रँटला जात. इंटरच्या प्रयोगशाळेत बेडूक चिरलेला, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची फिल्म पाहिलेली मुलेच मेडिकलच्या दारात पोचत. दारापर्यंतचा रस्ताच कॉलेजातून जात होता, त्यामुळे ‘कॉलेज करावे का’ हा प्रश्न कुणाला पडायचे कारण नव्हते. पुढे दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला आणि नव्वदच्या दशकापर्यंत बारावीच्या गुणांवर प्रवेश होत राहिले. मग सीईटी आली, आणि २०१६ नंतर ‘नीट’ पक्की झाली. बारावी उरली ती पात्रतेपुरती: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४०. २०२० साली राज्याने ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द केला, आणि आपला जामनेरचा मुलगा थेट लातूर-नांदेडच्या मुलाच्या रांगेत उभा राहिला. दरम्यान महाविद्यालये मात्र घराजवळ आली. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निघाले, जळगावचे २०१८ मध्ये, नंदुरबारचे २०२० मध्ये.

म्हणजे पालकांचा हिशेब निराधार नाही. ज्या परीक्षेवर सारे ठरते तिचीच तयारी करावी, यात चूक काय? म्हणून त्या परीक्षेपासूनच सुरुवात करू.

१८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम नव्याने ठरवला. काही भाग गाळला गेला, एवढीच बातमी बहुतेकांनी ऐकली. भर कशाची पडली, ते फार थोड्यांनी वाचले. फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्ये असा एक स्वतंत्र घटक आला: व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, झेनर डायोड. केमिस्ट्रीतही प्रात्यक्षिकांचा घटक आहे: क्षारांचे विश्लेषण, पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन, कार्यगट ओळखणे. ही सगळी यादी तुमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कपाटात पडून आहे. क्लासमध्ये ती फळ्यावर शिकवली जाते, आणि फळ्यावर शिकलेला मुलगा स्क्रू गेजची शून्य त्रुटी मिळवायची की वजा करायची याचा नियम पाठ करतो. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरला की तो नियम उलटा आठवतो. ज्याने ते उपकरण हातात धरून तारेची जाडी मोजली आहे, जबडे मिटल्यावरही शून्याची रेघ पुढे गेलेली पाहिली आहे, त्याला नियम आठवावा लागत नाही. त्याला ती रेघ दिसते.

२०२५ च्या पेपरात फिजिक्स इतके अवघड आले की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण मिळाले. आदल्याच वर्षी ७२० पैकी ७२० मिळवणारे अनेक होते. प्रश्नांची धाटणी एका वर्षात अशी बदलू शकते. टेस्ट सिरीजमध्ये गेल्या वर्षांची धाटणी घोटून घेतली जाते. तिचा उपयोग मी नाकारत नाही. पण धाटणी बदलली त्या दिवशी ज्याच्याकडे मुळातली समज असते तोच तग धरतो, आणि ही समज प्रयोगाने जशी येते तशी सराव प्रश्नसंचांनी येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता बायोलॉजीकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खान्देशाइतका जीवशास्त्राच्या पुस्तकाला लागून असलेला मुलूख मी पाहिलेला नाही.

सिकलसेल घ्या. बीटा ग्लोबिनच्या जनुकात सहाव्या कोडॉनवर जीएजीच्या जागी जीयूजी येते, ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन बसते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हे वाक्य ‘नीट’च्या प्रत्येक मुलाला पाठ असते. चोपडा, यावल, रावेरच्या, शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांमध्ये हा आजार आहे. पलीकडे धडगाव-अक्कलकुव्याला तर फारच. आपल्याच वर्गात शेजारी बसणारी मुलगी त्या घरातली असू शकते, सारखी दमते, सांधे दुखतात म्हणून आठवडा-आठवडा घरी राहते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता मूल आजारी असण्याची. क्लासमध्ये या शक्यता मांडणारा चौकोन काढायला एक मिनिट लागतो. एक चांगला शिक्षक तोच चौकोन काढून विचारतो, की वाहकाला काही त्रास होत नसताना त्याची तपासणी का करायची? लग्न ठरण्याआधी ती व्हावी की नंतर? मुलीची झाली आणि मुलाची झाली नाही तर? केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, कोट्यवधी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड देण्याचे तिचे काम आहे. उद्या शिरपूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कार्ड आईच्या हातात देऊन त्याचा अर्थ समजावणारा डॉक्टर आज कुठल्या तरी बाकावर बसलेला आहे. त्याला ‘व्हॅलिन’ एवढेच माहीत असून कसे चालेल?

कापूस घ्या. क्राय वन एसी आणि क्राय टू एबी ही जनुके बोंडअळीला रोखतात, असे पुस्तक सांगते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कापसाचे काय केले, ते मुलांनी शेतात पाहिले आहे. ज्या अळ्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच प्रजा वाढली. नैसर्गिक निवडीचा धडा याहून उघड कुठे मिळेल? आणि हाच धडा पुढे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचा आहे, क्षयाच्या औषधांचा आहे. कापसाच्या बोंडात तो ज्याने पाहिला, तो डॉक्टर झाल्यावर दोन दिवसांच्या सर्दीला प्रतिजैविक लिहिताना थांबेल, अशी मला आशा आहे.

आणि केळी. रावेर-यावलच्या मुलाने लहानपणापासून केळी खाल्ली. तिच्या गरातले ते बारीक काळे ठिपके म्हणजे वाढू न शकलेली बीजे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आपली केळी त्रिगुणित आहे, तीन संच गुणसूत्रे. अर्धसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून बी धरत नाही. जळगावच्या टिश्यू कल्चरच्या रोपांमागचे कारणही त्यातच आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करताना, ॲसिटोकार्मिनने रंगवून, हलके तापवून, कव्हरस्लिप अंगठ्याने दाबून, गुणसूत्रे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की ‘मायटोसिस’ हा पाठांतराचा विषय राहत नाही. पहिल्या दहा स्लाइडमध्ये काही दिसत नाही. अकराव्या वेळी दिसते. तो दहा वेळचा धीर हा वैद्यकीय शिक्षणाचा पहिला पाठ आहे आणि तो कोणत्याही मॉड्यूलमध्ये छापता येत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव तुम्ही ऐकले आहे. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेला हा डॉक्टर कोकणात महाडच्या परिसरात विंचूदंशाने दगावणारी मुले पाहत होता. तो रुग्णांजवळ बसून राहिला, घाम कधी येतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी आणि रक्तदाब तासातासाला काय करतात याची नोंद ठेवत गेला. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले गेले आणि असंख्य जीव वाचले. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. पाहणे, लिहून ठेवणे आणि जे दिसले त्यावरून विचार करणे, एवढी सवय होती. ही सवय ज्या वयात लागते ते वय सोळा-सतरा. त्या वयात आपण मुलाला दोन वर्षे फक्त चार पर्यायांतला एक गोल काळा करायला लावतो.

याचा दुसरा परिणाम मला अधिक बोचतो. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला आपला मुलगा अकरावीत प्रथमच सगळे विज्ञान इंग्रजीत वाचतो. क्लासमध्ये तो इंग्रजीत खुणा करतो, पण दोन वर्षांत सलग चार वाक्ये लिहीत नाही. एमबीबीएसला गेल्यावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत त्याला दीर्घ उत्तरे लिहायची असतात, तोंडी परीक्षेत बोलायचे असते. हुशार मुले पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत अडखळतात, त्यांतल्या अनेकांचे कारण ॲनाटॉमी नसते. त्यांना लिहिता येत नसते. बारावीच्या बोर्डाचा सत्तर गुणांचा लेखी पेपर आणि तीस गुणांचे प्रात्यक्षिक ही या मुलांसाठी कटकट नाही, ती पायवाट आहे. इंग्रजीच्या तासाला दांडी मारणारा बायोलॉजीवाला मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो.

लातूरचे उदाहरण नेहमी उलट्या बाजूने दिले जाते. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे क्लासचा पॅटर्न, अशी आता समजूत आहे. त्याचा उगम मात्र कॉलेजात झाला. राजर्षी शाहू महाविद्यालयात जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव अशा प्राचार्यांच्या काळात कॉलेजच्याच शिक्षकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या, पेपर तपासून मुलाला समोर बसवून चुका दाखवल्या. क्लासची बाजारपेठ त्यानंतर उभी राहिली. खान्देशात आपण नक्कल केली ती बाजारपेठेची. कॉलेजची करायला हवी होती.

आता पालकांची बाजू. ती मी टाळणार नाही. एरंडोलहून सकाळच्या एसटीने येणारे मूल सात-आठ तास क्लासमध्ये बसते. वर कॉलेजचे पाच तास कुठून आणायचे? नाही आणता येत, आणि आणूही नयेत. जो शिक्षक गाइड उघडून वाचून दाखवतो त्याच्या तासाला बसण्यात पुण्य नाही. कॉलेजांचाही दोष उघड आहे: पदे वर्षानुवर्षे रिकामी, विनाअनुदानित तुकड्या, तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक ज्याला पगार कधी होईल ते ठाऊक नसते. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरीही तीन विषयांची आठवड्याची प्रात्यक्षिके, इंग्रजीचे तास, आणि जो एक शिक्षक खरोखर शिकवतो त्याचा विषय, एवढे धरून ठेवा. एवढ्याला वेळ नाही असे सांगणारा क्लास मुलाच्या हिताचा नाही. रविवारची टेस्ट आणि सोमवारचे विश्लेषण यातून एक दुपार मोकळी होत नसेल तर ती मागून घ्या.

आणि एक मोठे कारण आहे, ते घरी बोलले जात नाही. २०२५ मध्ये देशात सुमारे २२ लाख मुले या परीक्षेला बसली. १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या सुमारे १ लाख १८ हजार. खुल्या गटाला पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४. गावात पेढे वाटले जातात, ‘पास झाला’ म्हणून, आणि पुढे कळते की दहा पात्र मुलांत एकाच्याच वाट्याला एमबीबीएसची जागा आहे. उरलेल्यांतली काही आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यकाला जातात, काही फार्मसीला, नर्सिंगला, शेतकीला, बरीच बी.एस्सी.ला. ही मुले अपयशी नाहीत, संख्येने तीच जास्त आहेत. त्यांच्या आयुष्यातली अकरावी-बारावी वाया जाऊ नये, एवढ्या एका कारणासाठीही मी कॉलेजचा आग्रह धरीन. रिकाम्या प्रयोगशाळेतून गेलेला मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पुन्हा सूक्ष्मदर्शक कसा धरायचा इथून सुरुवात करतो.

रिपीटरांविषयी स्पष्ट बोलतो. या परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अट नाही. थांबायचे कुठे हे नियम सांगत नाही, घराला ठरवावे लागते. पहिल्या वेळी गुण जागेच्या जवळ असतील तर एक वर्ष द्या, मोकळ्या मनाने द्या, त्या वर्षी बी.एस्सी.चे ओझे नको. त्यानंतरही पुन्हा बसायचे असेल तर सोबत बी.एस्सी.ला प्रवेश घ्या आणि ती नावापुरती नको, खरोखर करा. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही आता नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. अनेक पालक विचारतात, डॉक्टरच व्हायचे तर ऑनर्सचे काय करायचे? सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांत चार वर्षे मन लावून शिकलेल्या मुलासमोर संशोधनाचा, प्रयोगशाळेचा, औषधनिर्मितीचा रस्ता उघडतो. ‘नीट’ची वाट पाहताना बसायची जागा म्हणून ती पदवी घेतली तर दोन्हीकडून जाते.

अमेरिकेत मेडिकलला आधी चार वर्षांची पदवी लागते, आणि तिथली आपली मराठी मुलेही ऑनर्सचे अवघड वर्ग घ्यावेत की नको या चिंतेत असतात: ग्रेड घसरला तर प्रवेश हुकेल. तिथेही मला तेच म्हणावेसे वाटते. ज्या वर्गात लहान गट, प्रयोगशाळा आणि ओळखणारा प्राध्यापक मिळतो तो घ्यावा. ज्यातून फक्त प्रमाणपत्रावर एक शब्द वाढतो तो सोडावा.

प्रवेशाच्या आधी कॉलेजात जा. माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. एका बॅचला किती सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातले किती चालतात, प्रात्यक्षिक कोण घेते, गेल्या वर्षीच्या मुलांची जर्नले पाहायला मिळतील का, हे विचारा. सगळ्या जर्नलांत एकच आकृती एकाच चुकीसह उतरलेली असेल तर तुम्हाला उत्तर मिळाले. दहा पालकांनी हे विचारले तर पुढच्या वर्षी कपाटे उघडतील; शिक्षकांनी अनेकदा मागूनही न मिळालेली काचपट्ट्यांची पेटी पालकांच्या एका प्रश्नाने येते, हे मी पाहिले आहे.

संस्थाचालक इथे समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्याकडेही मागतो. शनिवारी दुपारी आपल्या प्रयोगशाळा बारावीच्या कुठल्याही मुलासाठी उघडा, त्याचे नाव कोणत्याही कॉलेजात असो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या दुपारचे मानधन द्या. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या शरीररचनाशास्त्र विभागांचे संग्रहालय वर्षातून एकदा तरी अकरावीच्या मुलांना दाखवावे, रक्त तपासताना त्यांना शेजारी उभे राहू द्यावे. काही मुले ते पाहून ठरवतील की आपल्याला हेच करायचे आहे. काही ठरवतील की नाही, आणि त्यांचे पुढचे दोन-तीन रिपीट वाचतील.

आता प्रश्न घेऊ. मुलांनी आधी विचारावे, पालकांनी नंतर.